अस्तर

माझी आई, लीनी ब्यूकस, सातव्या वर्षी
गोणीत उतरायची.

प्रीस्काच्या वरच्या अंगाला, ऑरेंज नदीपासून
गाढवगाडीने एका दिवसाच्या वाटेवर,
पुरुष डोंगरातून निळा दगड आणत.
बायका ओळीने बसून हातोडीने तो फोडत,
दगड एकीकडे, धागा एकीकडे.
धागाच म्हणायचे सगळे.
विस्तवात टाकला तरी जळत नाही, म्हणून पोरं
तो पुन्हा पुन्हा विस्तवात टाकायची.

गोणी भरत आली की मूल आत सोडायचं.
नाच, म्हणायचा मुकादम. माल दबला पाहिजे.
आई नाचायची. गोणीच्या काठावर नुसतं डोकं.
"वाटायचं, ढगात उभी आहे मी,"
हे सांगताना ती हसायची, शेवटपर्यंत.
नाचून झालं की हातावर मूठभर साखर.

हजेरीच्या वहीत एकच नाव:
सोलोमन ब्यूकस, गडी एक.
बायको आणि तीन मुली त्या एका गड्यात धरलेल्या.

आजी फाटक्या गोण्या घरी आणायची.
उसवायची, अंगणात झटकायची,
आणि कोटांना आतून त्यांचं अस्तर लावायची.
कारूतला हिवाळी वारा माणसाची हाडं मोजतो.
कोट उबदार होते. खोटं कशाला बोलू?

मग पन्नास वर्षं काही झालं नाही.
लग्न, चार बाळंतपणं, चर्चमध्ये वरच्या पट्टीतला आवाज.
एका रविवारी स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीत
ओळ संपायच्या आधी श्वास संपला.
तिने पुस्तक मिटलं. वय झालं, म्हणाली.

डॉक्टर तरुण होता. फिल्म उजेडासमोर धरून म्हणाला,
फुफ्फुसाला बाहेरून अस्तर असतं, आजी. दोन पदर.
मधे थोडी ओल, त्यावर ते सरकतात,
म्हणून श्वास घेतलेला कळतसुद्धा नाही.
तुमचं जाड झालंय. इथे. इथे.
आणि हे इथलं मला आवडत नाही.

अस्तर कळतं मला, आई म्हणाली.
आणि थोड्या वेळाने:
उसवता येईल?

डॉक्टरने फिल्म खाली ठेवली.

पाठीतून सुई घालून दीड लिटर पाणी काढलं,
कोऱ्या चहाच्या रंगाचं.
पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढंच.
नर्स ओंतोंगला ती म्हणाली, उपसतेस काय बाई,
झरा जिवंत आहे.

भरपाईच्या अर्जात रकाना होता: कामाचे स्वरूप.
मी लिहिलं, नाचणे.
कारकुनाने खोडलं. वहीत नाव नाही, म्हणाला,
पुरावा लागेल.

पुरावा ती गेल्यावर निघाला.
पांढरी बादली, घट्ट झाकण, वर नर्स ओंतोंगच्या अक्षरात
नाव, तारीख, डावं-उजवं.
रात्रीच्या गाडीने जोहान्सबर्गला गेली ती दोन्ही.
उभ्या जन्मात आईने जोहान्सबर्ग पाहिलं नव्हतं.

आम्ही उरलेली आई पुरली.
पेटी खांद्यावर घेताना डीडरिक म्हणाला, हलकी लागते.
कोणी काही बोललं नाही.

अकरा महिन्यांनी पत्र आलं. धागे सापडले.
किती, तेही लिहिलं होतं,
एवढ्याएवढ्या ऊतकात एवढे लाख.
मी आकडा दोनदा वाचला. मग पाव घेऊन आले.
पैशांत घरावर नवं छप्पर घातलं.
जुने पत्रे कशाचे होते,
ते आमच्या गावात कोणी विचारत नाही.

आजीचा एक कोट दारामागच्या खिळ्याला आहे.
माझ्या मुलीला मापात बसेल.
खांद्यांवर धूळ साचलीय.
झटकायला हात जातो आपोआप,
अर्ध्यावर थांबतो.

दार मी हळू लावते.